इटालियन नावांतील जर्मानिक मुळे

बिनतारी संदेशवहनाचे प्रवर्तक मार्कोनी यांचे आडनाव जगभर पोहोचले. त्यांच्या नावाकडे मात्र सहसा कोणाचे लक्ष जात नाही. १८७४ मध्ये बोलोन्या येथे जन्मलेल्या या संशोधकाचे नाव गुल्येल्मो. ते लॅटिन नाही. इंग्रजांचा विल्यम व जर्मनांचा विल्हेल्म यांचेच ते इटालियन रूप असून ‘इच्छाशक्ती’ आणि ‘शिरस्त्राण’ या अर्थांचे दोन जर्मानिक शब्द त्यात एकत्र आले आहेत. भौतिकशास्त्रज्ञ एन्रिको फेर्मी, चित्रपट दिग्दर्शक फेदेरिको फेल्लिनी, कादंबरीकार उम्बेर्तो एको यांची नावेही याच कुळातील होत.

लॅटिनच्या माहेरी ही नावे रुजली ती राज्यक्रांतीच्या मार्गाने. ४७६ मध्ये पश्चिम रोमन साम्राज्याचा शेवटचा सम्राट पदच्युत झाला. त्यानंतर ऑस्ट्रोगॉथ, ५६८ पासून लोम्बार्ड आणि ७७४ मध्ये शार्लमेनच्या नेतृत्वाखाली फ्रँक असे जर्मानिक समूह इटलीत सत्ताधारी झाले. स्थानिक प्रजेच्या तुलनेत त्यांची संख्या अल्प होती. लोम्बार्ड राजा रोथारीने ६४३ मध्ये केलेली कायद्यांची संहितादेखील लॅटिनमध्येच आहे. जेत्यांची भाषा कालांतराने लोपली. नावे मात्र टिकली, कारण राज्यकर्त्यांच्या नावांना प्रतिष्ठा होती आणि स्थानिक कुटुंबांनीही ती आपल्या मुलांना दिली. म्हणूनच त्या काळातील एखाद्या दस्तऐवजात जर्मानिक नाव आढळले, तरी केवळ त्यावरून त्या व्यक्तीचा वंश ठरविता येत नाही.

याचे ठळक उदाहरण १०७७ मधील कानोस्सा येथील प्रसंगात मिळते. पोपने बहिष्कृत केलेला सम्राट चौथा हेन्री, म्हणजेच इटालियन भाषेत एन्रिको, क्षमायाचनेसाठी किल्ल्याच्या दाराशी थांबला होता. आत असलेल्या सातव्या ग्रेगरी पोपचे मूळ नाव इल्देब्रांदो, तर किल्ल्याची स्वामिनी होती तोस्कानाची माटिल्डे. सम्राट जर्मन, पोप तोस्कानाचा, आणि तिघांचीही नावे जर्मानिक! केवळ नावे पाहून कोण कोणत्या बाजूचा, हे सांगणे अशक्यच होते.

इटालियन जिभेवर या नावांचे उच्चार पालटले. आरंभीच्या ‘व’काराच्या जागी ‘ग्व’ किंवा ‘गु’ आला: विदोचा ग्वीदो झाला, वाल्टरचा ग्वाल्तिएरो. आरंभीचा ‘ह’कार गळून ह्यूगोचा ऊगो झाला. लोम्बार्ड राजा आरिपेर्त याच्या नावातील ‘पेर्त’ आणि फ्रँक वळणाच्या आल्बेर्तोमधील ‘बेर्तो’ हे मुळात एकच पद होय. त्याचा अर्थ ‘तेजस्वी’.

बहुतेक नावे आपल्या सामासिक नावांप्रमाणे दोन पदांची आहेत. रोबेर्तो म्हणजे कीर्तीने तेजस्वी, आल्बेर्तो म्हणजे कुलीन व तेजस्वी, बेर्नार्दो म्हणजे अस्वलासारखा कणखर. माटिल्डेमध्ये सामर्थ्य आणि युद्ध, फेदेरिकोमध्ये शांतता आणि सत्ता ही पदे आहेत. मात्र प्रत्येक नावाचा विग्रह करून अर्थ शोधण्याचा अट्टहास करू नये. अनेकदा वडीलधाऱ्यांच्या नावातील एखादे पद उचलून त्याला दुसरे जोडले जाई. संपूर्ण नावाचा मेळ बसलाच पाहिजे, असा आग्रह नसे.

या पदांचे संस्कृतशी असलेले नाते भारतीय वाचकांना विशेष वाटेल. ‘बेर्त’चा संबंध ‘भ्राज्’ (चकाकणे) या धातूशी, तर ‘रिको’चा ‘राजन्’शी जोडला जातो. रोदोल्फोमधील लांडगा म्हणजे ‘वृकोदर’ या भीमाच्या नावातील वृकच. १६०५ मध्ये गोव्यात उतरून पुढे मदुराई येथे संन्याशाच्या वेशात राहिलेले, तमिळ व संस्कृत शिकलेले इटालियन धर्मप्रचारक रोबेर्तो दे नोबिली (१५७७–१६५६) आपल्या नावातच संस्कृतचा एक सगोत्र शब्द बाळगून होते. भाषाकुलांचे हे नाते अभ्यासाचा विषय झाले ते त्यांच्यानंतर शतकाहून अधिक काळाने.

बाराव्या–तेराव्या शतकांपासून जोव्हान्नी, पिएत्रो यांसारख्या ख्रिस्ती परंपरेतील नावांचे प्रमाण वाढले. तथापि संतांच्या व राजघराण्यांच्या आधाराने जुनी नावेही तग धरून राहिली. ‘सिंहासारखा कणखर’ या अर्थाचे लिओनार्दो हे नाव २०१८ पासून सलग काही वर्षे इटलीतील नवजात मुलग्यांसाठी सर्वाधिक पसंतीचे ठरले. त्यापूर्वी अनेक वर्षे हे स्थान फ्रान्चेस्कोकडे होते. असिसीच्या संताचे बाप्तिस्म्याचे नाव जोव्हान्नी होते. फ्रान्सहून परतलेल्या त्यांच्या व्यापारी पित्याने त्यांना फ्रान्चेस्को म्हणावयास सुरुवात केली, अशी परंपरा आहे. त्या नावाच्या मुळाशीही ‘फ्रँक’ हेच लोकनाम आहे.