ताब्यात घेतले, समज देऊन सोडले

"आंदोलकांना पोलिसांनी ताब्यात घेतले व सायंकाळी समज देऊन सोडून दिले."

गेल्या वीस वर्षांत हे वाक्य मी किती वेळा लिहिलं असेल, मोजदाद नाही. तालुक्याला बातमीदारी करणाऱ्या कुणालाही विचारा. मंत्र्यांचा दौरा असो, जलसमाधीचा इशारा असो, कालव्यावरचा रास्ता रोको असो, बातमीचा शेवट ठरलेला. सिंगल कॉलम, आतलं पान.

परवा एका म्हाताऱ्या धरणग्रस्तानं बाजारात गाठलं. आम्हाला सोडलं ते छापलंत, पण धरलं कशापायी ते कुठं छापलंत, असं विचारलं. माझ्याकडं उत्तर नव्हतं. घरी येऊन मुळशीवरची पुस्तकं पुन्हा काढली. त्यातूनच ही पोस्ट. लांबलीय, पण वेळ काढून वाचा.

शंभर वर्षांमागची गोष्ट आहे. पुण्याच्या पश्चिमेला मुळशी पेटा. आंबेमोहोर पिकवणारं खोरं. मुळा आणि निळा नद्यांच्या संगमाजवळ टाटा कंपनीला धरण बांधायचं होतं. पाणी घाटाखाली भिऱ्याला सोडायचं, तिथं वीज करायची आणि ती मुंबईच्या गिरण्यांना आणि रेल्वेला द्यायची. त्यासाठी बावन्न गावं आणि दहा हजारांवर माणसं उठवायची होती. सरकार कंपनीच्या पाठीशी आणि हाताशी १८९४चा भूसंपादन कायदा. जमीन रीतसर ताब्यात येण्याआधीच कंपनीच्या माणसांनी शेतात चाचणीचे खड्डे खणायला सुरुवात केली. हरकत घेणाऱ्या शेतकऱ्याला गोऱ्या साहेबानं पिस्तूल दाखवलं. तिथून असंतोष पेटला.

१६ एप्रिल १९२१, रामनवमी. हजारावर मावळे धरणाच्या कामावर जाऊन बसले आणि काम थांबलं. घोषणा होती, 'जान किंवा जमीन'. पुढं होते पांडुरंग महादेव बापट आणि विनायकराव भुस्कुटे. बापट मूळचे पारनेरचे. शिष्यवृत्तीवर एडिंबरोला गेलेले, तिथून पॅरिसला जाऊन बॉम्बची विद्या शिकलेले. अशा माणसानं इथं सत्याग्रह हाती घेतला. गांधीजींनी 'यंग इंडिया'त लिहून टाटांना फेरविचार करायला सांगितलं. कंपनीनं सहा महिने काम थांबवायचं कबूल केलं.

लोकांना वाटलं, जिंकलो. पण ही तहकुबी होती, माघार नव्हे. आजही 'बैठक घेऊ', 'समिती नेमू' म्हटलं की आंदोलन उठतं आणि दोन महिन्यांनी पोकलेन पुन्हा सुरू होतं. वर्षाअखेर मुळशीचं काम पुन्हा सुरू झालं आणि सत्याग्रहही पुन्हा उभा राहिला. या वेळी मात्र सरकार तयारीत होतं. धरपकड सुरू झाली. पुढारी आत गेले, साधे शेतकरी गेले, बायाही गेल्या. सुटायचं, पुन्हा कामावर जाऊन बसायचं आणि पुन्हा आत जायचं, असं चाललं होतं.

तुरुंगात काय झालं ते फारसं कुणी सांगत नाही. १९२३ साली मुळशीचे कैदी येरवड्यात होते. दिलेलं काम पुरं करत नाहीत म्हणून त्यांच्यातल्या काहींना फटक्यांची शिक्षा दिली गेली. त्याच तुरुंगात दास्ताने आणि शंकरराव देव होते. त्यांनी अन्न सोडलं. गांधीजीही तेव्हा येरवड्यातच राजद्रोहाची सहा वर्षांची शिक्षा भोगत होते. त्यांनी अधीक्षकाला पत्रं लिहिली आणि आपल्याला या कैद्यांना भेटू द्या अशी मागणी केली. शेवटी परवानगी मिळाली. गांधीजींनी दोघांना उपास सोडायला लावला. पुढं सरकारनं ठरवलं की तुरुंगातल्या नोकरावर हल्ला झाला नसेल, तर वरून मंजुरी घेतल्याशिवाय फटके मारायचे नाहीत. धरण अडलं नाही, पण त्या फटक्यांमुळं कैद्यांच्या पाठी वाचवणारा एक नियम तरी झाला. मुळशीच्या शेतकऱ्यांच्या खात्यावर ही जमेची नोंद कुणी केलेली मला दिसली नाही.

बाहेर तोवर आंदोलन खचत होतं. त्याचं कारण नुसतं पोलीस नव्हतं, हे सांगायला हवं. खोऱ्यातल्या बऱ्याच जमिनी पुण्याच्या सावकारांकडं गेल्या होत्या. कसणारा मावळा म्हणत होता, जमीन देणार नाही. कागदावर मालक असलेला म्हणत होता, भाव वाढवून द्या. दोघांचं भांडण कंपनीशीच होतं, पण मागणी एक नव्हती. पुण्यातल्या पुढाऱ्यांत नुकसानभरपाईकडं झुकणारा गट होताच. मोबदल्याची बोलणी सुरू झाली की कसणारा एकटा पडतो. आजही कुठल्याही प्रकल्पावर जा, सातबारावर नाव असणारा, कूळ आणि शेतमजूर यांची तोंडं तीन दिशांना असतात. प्रांत ऑफिसला हे नेमकं ठाऊक असतं.

डिसेंबर १९२४ मध्ये बापटांनी शेवटचा घाव घातला. मोजके साथीदार घेऊन त्यांनी रुळावर दगड टाकले आणि धरणावरच्या मजुरांची गाडी अडवली. या वेळी हातात शस्त्रं होती. अहिंसेची चौकट मोडली आणि आंदोलनही तिथंच संपलं. बापटांना सात वर्षांची शिक्षा झाली. ते सुटले १९३१ साली. तोवर धरण भरलं होतं, १९२७ला भिऱ्याची वीज सुरू झाली होती आणि ज्या शेतांसाठी ते आत गेले होते ती पाण्याखाली होती. 'सेनापती' ही पदवी त्यांना मुळशीनंच दिली. सुटका झाली, पण कशाकडं परत यायचं?

आता मुंबईत दादर, लोअर परळकडून सेनापती बापट मार्गानं जाऊन बघा. गिरण्यांच्या जागा आणि रेल्वेचे रूळ सोबतीला आहेत. ज्या गिरण्यांच्या आणि रेल्वेच्या विजेविरुद्ध माणूस सात वर्षं तुरुंगात राहिला, त्यांच्याच कुशीतल्या रस्त्याला आपण त्याचं नाव दिलं.

आता माझ्या वाक्याकडं येतो. बापटांवर खटला चालला. मुळशीकरांच्या शिक्षांची नोंद झाली, पत्रव्यवहार झाला, म्हणून भुस्कुट्यांना मुळशीचा इतिहास लिहिता आला. म्हणून पुण्याचे प्राध्यापक राजेंद्र व्होरा या लढ्याला जगातलं पहिलं धरणविरोधी आंदोलन म्हणू शकले. आज काय होतं? दौऱ्याच्या आदल्या रात्री नोटीस येते. पूर्वी ती १४९ची होती, जुलै २०२४ पासून नव्या संहितेत १६८ची. सकाळी व्हॅन येते. महाराष्ट्र पोलीस कायद्याच्या ६८, ६९ खाली मंगल कार्यालयात नाही तर पोलीस ठाण्याच्या आवारात बसवतात, चहा-बिस्किट देतात. ६९ कलमातच सोय आहे की किरकोळ प्रकरणात प्रसंग टळला की सोडून द्यावं. मंत्र्यांची गाडी हद्दीबाहेर गेली की प्रसंग टळला. मग खटला नाही, साक्ष नाही आणि का बसला होता ते न्यायाधीशापुढं सांगायची संधीही नाही.

फटके आणि सक्तमजुरी बरी होती, असं मला म्हणायचं नाही. कुणालाच ती वेळ येऊ नये. पण दिवसभर धरून संध्याकाळी सोडलं की माणूस सुटतो आणि त्याचा प्रश्न कुठंच नोंदला जात नाही. शंभर वर्षांनी कुणी आमच्या तालुक्याचा इतिहास लिहायला बसला, तर त्याला माझी ती दोन ओळींची बातमी सापडेल आणि त्याला वाटेल, काही विशेष नव्हतं, समज देऊन सोडलं. समज कुणी कुणाला द्यायची होती, हे त्याला कळणारच नाही.

१८९४चा कायदा जायला २०१४ उजाडलं. आता खासगी कंपनीसाठी जमीन घ्यायची तर ऐंशी टक्के बाधितांची संमती लागते. ही अट आकाशातून पडली नाही. मुळशीपासून कोयना, नर्मदेपर्यंत आत-बाहेर करत राहिलेल्या माणसांनी ती मिळवली. तीत पळवाटाही भरपूर आहेत, तो वेगळा विषय.

मी माझ्यापुरतं ठरवलंय. इथून पुढं ते वाक्य लिहीन तेव्हा आधी मागणी काय होती ते लिहीन, किती वर्षांपासून आहे ते लिहीन, मग ताब्यात घेतल्याचं. डेस्कनं कापलं तर इथं भिंतीवर टाकीन. आणि तुम्हालाही विनंती. तुम्हाला किंवा घरच्या कुणाला असं बसवून ठेवलं असेल, तर तारीख, ठिकाण, किती तास आणि कशासाठी, एवढं वहीत लिहून ठेवा. नोटीस मिळाली असेल तर फेकू नका. स्टेशन डायरीत काय नोंद झाली, ते माहितीच्या अधिकारात मागा.

त्या बाबांना मी तारखा विचारल्या. त्यांनी बोटांवर मोजत अकरा वेळा सांगितल्या. माझ्या कात्रणांत चारच सापडल्या.