अर्धशिशी आणि आभाळ

वैशाखातली दुपार कलली, वारा पडला, अंगाची काहिली होऊ लागली, की आमच्या आजोळी मावशी माजघरातल्या काळोखात डोक्याला फडके घट्ट बांधून पडून राहत. घटका-दोन घटकांत वळीव कोसळे. आम्ही मुले अंगणात गारा वेचीत असू आणि आत मावशींना उलट्या होत असत. “कामाच्या वेळी बरे हिचे डोके उठते!” असे वडीलधारी माणसे म्हणत. पाऊस आधी मावशींच्या डोक्यात येतो, ही आम्हां मुलांची थट्टा. त्या थट्टेत तथ्य किती होते, याचा शोध घेऊ लागलो तेव्हा आम्हांस पार चरकापर्यंत मागे जावे लागले.

चरकसंहितेच्या सिद्धिस्थानात ‘अर्धावभेदक’ नावाच्या शिरोरोगाची कारणे दिली आहेत. रुक्ष अन्न, जेवणावर जेवण, वेगांचे धारण, अतिश्रम ही त्यांत आहेतच. परंतु त्यांच्याच पंक्तीला पूर्वेचा वारा आणि दव हीही बसविली आहेत. सुश्रुताने तर हे दुखणे दहा दिवसांनी वा पंधरवड्याने उलटून येते, असे नोंदविले आहे. तिकडे ग्रीसमध्ये हिपोक्रेटिसच्या नावावर चालणाऱ्या सूत्रांत दक्षिणेच्या वाऱ्याने डोके जड होते, असे म्हटले आहे. गॅलनने दिलेल्या ‘अर्धे डोके’ या अर्थाच्या ग्रीक नावावरून पुढे ‘मायग्रेन’ हा शब्द झाला. आमची अर्धशिशी म्हणजे तेच अर्धे डोके. दोन भिन्न समाजांनी एकाच रोगाला जवळजवळ एकच नाव द्यावे आणि दोघांनीही वाऱ्याकडे बोट दाखवावे, हा योगायोग म्हणून सोडून देणे आम्हांस जड जाते.

मात्र हे सारे अनुमान होते. वारा मोजता येत नव्हता आणि दुखणे कोणी लिहून ठेवीत नव्हते. सतराव्या शतकात टॉरिसेलीने पाऱ्याची नळी उभी करून हवेचा दाब मोजला, तेव्हा पहिली अडचण दूर झाली. दुसरी तशीच राहिली. १८७३ साली लंडनच्या एडवर्ड लिव्हिंग या डॉक्टराने अर्धशिशीवर मोठा ग्रंथ लिहिला आणि तिला ‘मज्जातंतूंतील वादळ’ म्हटले. रोग्याचे ढोंग नव्हे, मेंदूतली खरीखुरी घडामोड आहे, असा त्याचा आशय. तरीही अनेक घरांत तो आशय आजतागायत पोचलेला नाही.

१८७५ हे साल पुणेकरांना निराळे सांगावयास नको. न्यायमूर्ती रानड्यांनी वसंत व्याख्यानमाला सुरू केली ती त्याच वर्षी, आणि हिंदुस्थानचे हवामान खातेही त्याच वर्षी स्थापन झाले. १९२८ मध्ये त्या खात्याचे मुख्यालय सिमल्याहून पुण्यास आले; शिवाजीनगरच्या त्या इमारतीला लोक अजूनही सिमला ऑफिस म्हणतात. तेथे वायुभाराच्या नोंदी झाल्या, आमच्या घराघरांत डोकी दुखली, पण या दोन वह्या शेजारी शेजारी ठेवून पाहाव्यात असे फारसे कोणास सुचले नाही.

तो उद्योग अन्यत्र झाला. कॅनडातील कॅलगरी शहरावर रॉकी पर्वतावरून ‘चिनूक’ नावाचा कोरडा, उष्ण वारा उतरतो. तेथील डॉक्टरांनी ७५ रोग्यांच्या दैनंदिन्या वाऱ्याच्या नोंदींशी ताडून २००० साली निष्कर्ष मांडला: काहींना चिनूक येण्याच्या आदल्या दिवशी, तर काहींना तो जोराने वाहत असताना अर्धशिशी अधिक उठत होती. २००९ साली बोस्टनमध्ये डोकेदुखीसाठी तातडीच्या विभागात आलेल्या ७,०५४ रोग्यांचा अभ्यास झाला. तापमान ५ अंशांनी वाढले की पुढील चोवीस तासांत डोकेदुखीचा धोका सुमारे साडेसात टक्क्यांनी वाढे. दाब उतरल्याचा परिणाम त्याहून सौम्य होता, तोही दोन-तीन दिवसांनी दिसे.

म्हणजे मावशी खऱ्या? थोडे थांबावे लागेल. २००४ मध्ये अमेरिकेत ७७ रोग्यांना आधी विचारले, मग त्यांच्या नोंदी तपासल्या. हवा आपल्याला बाधते असे ४८ जण म्हणाले. नोंदींत ते ३९ जणांच्या बाबतीत दिसले. मुंबईहून खंडाळ्याचा घाट चढताना दाब सुमारे ६० मिलिबारने उतरतो. सामान्य वळवाच्या ढगाने तो इतका कधीच उतरत नाही. पण घाट चढताच गाडीतली सगळी अर्धशिशीवाली मंडळी डोके धरून बसल्याचे आम्ही तरी पाहिलेले नाही. शिवाय वेदना सुरू होण्याच्या कित्येक तास आधीच रोग चालू झालेला असतो. जांभया येतात, मान आखडते, उजेड खुपू लागतो. आणि रोगी म्हणतो, उन्हाने दुखले!

तेव्हा हवा हे एक ओझे, एकमेव नव्हे. जागरण, उपास, पाणी कमी पडणे, मासिक पाळी यांच्या जोडीला ती आली की पारडे झुकते. आभाळ आपल्या हाती नाही. बाकीची बरीच ओझी आहेत. हवा बदलणार असे दिसले की त्या दोन दिवसांत झोप व जेवण वेळेवर घ्यावे, पाणी प्यावे, उन्हात छत्री न्यावी. डॉक्टरांनी दिलेले औषध दुखणे वाढण्याआधीच घ्यावे. मात्र महिन्यात दहा-पंधरा दिवस गोळ्या घेऊ लागल्यास गोळ्याच डोके दुखवितात. वारंवार त्रास होणाऱ्यांसाठी प्रतिबंधक औषधे निराळी आहेत. एकाएकी कधी न झालेले भयंकर दुखले, ताप आला, हातपाय लुळा पडला, तर मात्र अर्धशिशी समजून घरी बसू नये.

मावशींना आम्ही उतारवयात भिंतीवरच्या कॅलेंडरवर खुणा करावयास लावले. त्या आधी हसल्या. वर्षभराने कॅलेंडर उतरवून पाहतो तो वळवाच्या दिवशी चार खुणा, आणि संकष्टीच्या रात्री किंवा दुसऱ्या दिवशी नऊ! चंद्रोदयापर्यंत पोटात काही नसे. चतुर्थी त्यांनी सोडली नाही. तिसऱ्या प्रहरी पेलाभर दूध आणि दोन खजूर घेऊ लागल्या. नऊच्या तीन झाल्या. वळवाच्या चार मात्र पुढल्या वर्षीही चारच राहिल्या, आणि ते कॅलेंडर त्यांनी धाकट्या जावेला मुद्दाम नेऊन दाखविले.