एक उच्चार, दोन शब्द : इंग्रजी स्पेलिंगचा पूर्वेतिहास

गेल्या वर्षी आमच्या धर्मग्रामातील सातवीत शिकणाऱ्या एका मुलाने वेदीसेवक होण्यासाठी आम्हांकडे इंग्रजीतून अर्ज दिला. वेदी या अर्थाच्या 'ऑल्टर' शब्दात 'टी'नंतर 'ए' हवा. त्याने 'ई' लिहिला होता. 'ई' लिहिला की त्याच उच्चाराच्या शब्दाचा अर्थ 'बदलणे' असा होतो. तो अर्ज त्याने आधी वर्गात दाखवला तेव्हा मुले हसली होती. "फादर, माझं डोकंच चालत नाही," असे म्हणून तो मान खाली घालून उभा राहिला. त्याला आम्ही जे सांगितले ते पालकांच्याही उपयोगी पडेल, म्हणून येथे मांडत आहोत.

मराठी शिकलेले मूल ऐकते तसे लिहिते. सहाशे वर्षांपूर्वीच्या इंग्लंडमध्ये त्याची ही सवय बरीचशी खपून गेली असती. चॉसर हा कवी १४०० साली निवर्तला. त्याच्या काळी 'रात्र' या अर्थाचा 'नाइट' शब्द साधारणतः 'निख्त' असा, तर 'सरदार' या अर्थाचा 'नाइट' 'क्निख्त' असा उच्चारला जाई. आज मुलांना छळणारे आरंभीचे 'के' आणि मधले 'जी-एच' त्या वेळी कानांना ऐकू येत होते. पुढे ध्वनी लोपले, अक्षरे मात्र राहिली.

१४७६ साली विल्यम कॅक्स्टनने वेस्टमिन्स्टर येथे इंग्लंडमधील पहिला छापखाना घातला. शब्दाचे कोणते रूप छापावे, हा त्याच्यापुढे मोठाच प्रश्न होता. १४९० च्या एका पुस्तकाच्या प्रस्तावनेत त्याने एक हकीकत दिली आहे. थेम्स नदीतून निघालेले काही व्यापारी वारा पडल्यामुळे केंटच्या किनाऱ्यावर उतरले. त्यांतील एकाने तेथील बाईकडे 'एग्ज' मागितली. "मला फ्रेंच येत नाही," असे ती म्हणाली. व्यापारी रागावला, कारण फ्रेंच त्यालाही येत नव्हते! दुसऱ्याने 'आयरेन' म्हटले, तेव्हा तिला अंडी हवीत हे कळले.

छपाईमुळे शब्दांची रूपे हळूहळू स्थिरावू लागली. परंतु सुमारे १४०० ते १७०० या काळातच इंग्रजीतील दीर्घ स्वर आपली जागा सोडत होते. 'भेटणे' या अर्थाचा 'मीट' पूर्वी 'मेट'सारखा, तर मांसाचा 'मीट' 'मॅट'सारखा उच्चारला जाई. म्हणून आज पहिल्यात दोन 'ई' आणि दुसऱ्यात 'ई-ए' लिहितात. 'पाहणे' आणि 'समुद्र' या अर्थांच्या दोन 'सी' शब्दांचीही हीच कथा आहे.

त्यात विद्वानांनी भर घातली. कर्जाला 'डेट' म्हणतात. हा शब्द फ्रेंचमधून आला तेव्हा त्यात 'बी' नव्हता. मूळ लॅटिन 'देबितुम' दिसावे म्हणून तो घातला गेला. उच्चारला मात्र कोणी नाही. सेमिनरीत लॅटिन शिकताना प्रभूच्या प्रार्थनेत 'देबिता' हा शब्द भेटला, तेव्हा आम्हांला त्या 'बी'चा उलगडा झाला. 'आयलंड'मधील 'एस' तर निव्वळ गैरसमजाने शिरला. तो जुना इंग्रजी शब्द लॅटिन 'इन्सुला'पासून आलेलाच नाही.

१७५५ साली सॅम्युएल जॉन्सन यांचा कोश प्रसिद्ध झाला आणि ही सारी गुंतागुंत बहुतांशी कायम झाली. १९५० साली निधन पावलेल्या बर्नार्ड शॉ यांनी नव्या वर्णमालेसाठी मृत्युपत्रात पैसा ठेवला. त्यांचे एक नाटक १९६२ साली त्या लिपीत छापलेही गेले. पण ती लिपी रुजली नाही. योगायोग असा, की त्याच १९६२ साली शुद्धलेखनाचे नवे नियम आले आणि आपल्या मराठीतील अनेक अनुच्चारित अनुस्वार गेले. तरीही 'दिन' आणि 'दीन' लिहिताना आपण मोठी माणसेसुद्धा अडखळतोच. मग मुलांवर कोणत्या तोंडाने रागवावे?

स्पेलिंग पाठ करावेच लागते, यात शंका नाही. परंतु कारण कळले की पाठांतर हलके होते. 'स्थिर' आणि 'लेखनसाहित्य' या अर्थांचे दोन 'स्टेशनरी' शब्द घ्या. मध्ययुगात फेरीवाले पुष्कळ होते. एका जागी दुकान मांडून बसणाऱ्या पुस्तकविक्रेत्याला 'स्टेशनर' म्हणत. त्या 'स्टेशनर'मधला 'ई' त्याच्या मालाच्या नावात राहिला. 'स्थिर' या अर्थाच्या शब्दात 'ए'. वेदीचा 'ऑल्टर' लॅटिन 'अल्तारे'पासून, म्हणून 'ए'; बदलण्याचा 'ऑल्टर' म्हणजे 'दुसरा' या अर्थाचा लॅटिन 'अल्तेर', म्हणून 'ई'.

हे ऐकल्यावर त्या मुलाने विचारले, "म्हणजे फादर, चूक त्यांनी करून ठेवली आणि मार्क माझे गेले?" आम्हांला हसू आवरले नाही. दुसऱ्या दिवशी त्याने अर्ज पुन्हा लिहून आणला. 'ऑल्टर'मधला 'ए' त्याने जरा ठळकच काढला होता. पालकहो, मुलाची वही लाल रेघांनी भरून घरी येईल, तेव्हा रागावण्याआधी त्याच्याशेजारी थोडा वेळ बसा आणि त्यातल्या एखाद्या शब्दाची गोष्ट त्याला सांगा.