गेलेल्या वस्तादाचा वाद

मोर्शीच्या बाजारांत संत्र्यांच्या ढिगाशीं उभें राहून गोव्याच्या फुटबॉलसंघाविषयीं तावातावानें बोलणारीं मुलें आम्हीं प्रथम ऐकलीं, तेव्हां आम्हांस थोडें हसूंच आलें. आमच्या तालुक्यापासून समुद्र शेंकडों मैल दूर. वऱ्हाडांत फुटबॉलचा शौकहि बेताचाच. असें असतां गोव्याच्या एका संघानें आपल्या स्पॅनिश शिक्षकास २०२० सालीं काढून टाकलें, तें योग्य कीं अयोग्य, ह्यावर इकडच्या मुलांनीं घसा कोरडा करावा हें चमत्कारिक खरें. परंतु थोडा वेळ ऐकल्यावर आमचें हसूं ओसरलें. वाद गोव्याचा असला तरी त्याची घडण आमच्या चांगल्या ओळखीची होती. १७६० सालीं उदगीरच्या विजयानंतर उत्तरेच्या मोहिमेवर भाऊसाहेबांच्या ऐवजीं राघोबादादा गेले असते तर पानिपत टळलें असतें काय, हा प्रश्न मराठी माणूस अडीचशें वर्षें घोळवीत आला आहे. त्याच सांच्यांतून हा वाद निघालेला दिसला. म्हणून ह्या प्रकरणाचा वृत्तांत एकदां क्रमानें लावून पाहावा असें आम्हांस वाटलें.

आधीं एका शब्दाचा उलगडा करावयास हवा. इंग्रज फुटबॉलवाले ज्यास मॅनेजर म्हणतात त्यास मराठींत कोणी व्यवस्थापक म्हणतात, कोणी प्रशिक्षक. पण त्या पुरुषाभोंवतीं लोकांच्या मनांत जी भावना असते ती ह्या दोहोंपैकीं एकाहि शब्दांत नाहीं. ती आहे आमच्या 'वस्ताद' ह्या शब्दांत. अमरावतीस वैद्यबंधूंनीं १९१४ सालीं हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ काढलें, त्याच्या आधींपासून वऱ्हाडांत तालमी होत्या, आणि तालमीचा एक अलिखित कायदा होता: शागीर्द येतात, जातात; वस्ताद जागचा हालत नाहीं. फुटबॉलमध्यें नेमका उलटा प्रकार आहे. तेथें वस्ताद करारानें येतो, पगार घेतो, आणि मालकाच्या मर्जीनें किंवा स्वतःच्या सोयीनें जातो. प्रेक्षक मात्र त्याच्याकडे तालमीच्याच डोळ्यांनीं पाहत असतो. आमच्या मतें पुढील सर्व कटुतेचें मूळ ह्या तफावतींत आहे.

गोवेकरांस ही तालमीची दृष्टि कां यावी, ह्यास कारणहि आहे. एकविसाव्या शतकाच्या आरंभीं धेंपो क्लबानें आर्मांदो कुलासो ह्या गोमंतकीय शिक्षकाच्या हाताखालीं पांच वेळां राष्ट्रीय विजेतेपद मिळविलें. पहिलें २००४-०५ चें, शेवटचें २०११-१२ चें. मालक गोव्याचा, वस्ताद गोव्याचा, खेळाडूंपैकीं पुष्कळ गोव्याचे, आणि हें सारें एकाच घरांत वर्षानुवर्षें. पुढें २०१६ सालीं राष्ट्रीय स्पर्धेच्या नव्या रचनेच्या निषेधार्थ धेंपो, साळगांवकर आणि स्पोर्टिंग हे तिन्ही क्लब त्या स्पर्धेंतून बाहेर पडले. ज्या प्रेक्षकांची निष्ठा तीन-चार घरांत वांटलेली होती, त्यांतील बहुतेकांस आतां देशाच्या मोठ्या रंगभूमीवर आपलें म्हणावयास मुख्यत्वें एकच घर उरलें: २०१४ सालीं नव्या पद्धतीनें निघालेला एफ. सी. गोवा. हें ध्यानांत ठेवल्यावांचून पुढील संताप कळावयाचा नाहीं.

सर्जिओ लोबेरा ह्या संघाकडे २०१७ सालीं आला. बार्सिलोनाच्या युवकविभागांत शिकवून आलेला हा मनुष्य. चेंडू आपल्याजवळ ठेवावा, आखूड पासांनीं पुढें सरकावें, आणि दोन गोल खाल्ले तर चार करावे, अशी त्याची रीत. गोव्याच्या प्रेक्षकांस ती मनापासून आवडली. फेरान कोरोमिनास, ज्यास सारा गोवा 'कोरो' म्हणे, त्यानें लागोपाठ दोन हंगामांत स्पर्धेंतील सर्वांत अधिक गोल केले. परंतु शेवटच्या पायरीवर पाय घसरावा हेंहि नेमानें घडलें. पहिल्या वर्षीं उपांत्य फेरींत पराभव. दुसऱ्या वर्षीं, १७ मार्च २०१९ रोजीं मुंबईस, अंतिम सामन्याच्या जादा वेळांत राहुल भेकेच्या एकाच गोलानें बंगळूरनें विजय नेला. त्यानंतर महिन्याभरांत भुवनेश्वरास सुपर कप मिळाला खरा, पण तहान भागली नाहीं.

तिसऱ्या हंगामांत, म्हणजे ३१ जानेवारी २०२० रोजीं, साखळीचे केवळ तीन सामने उरले असतां आणि संघ गुणतक्त्याच्या अग्रभागीं असतां, लोबेराला दूर करण्यांत आलें. चालक आणि शिक्षक यांच्यांत मतभेद विकोपाला गेले होते, एवढेंच वर्तमानपत्रांतून बाहेर आलें. मतभेद कशाविषयींचे, कोणी कोणास काय म्हटलें, हें प्रेक्षकांस कोणी सांगितलें नाहीं. आमच्या मतें चालकांची मोठी चूक ही होय. त्यांस शिक्षक बदलण्याचा अधिकार होता. कारणहि कदाचित् सबळ असेल. पण कारण गुलदस्तांत ठेवलें कीं त्याची जागा आख्यायिका घेतात, आणि एकदां आख्यायिकांनीं घर केलें म्हणजे मागाहून खरें कारण सांगूनहि कोणी ऐकत नाहीं. पेशवाईचा इतिहास लिहिणाऱ्यांस ह्याचा अनुभव पदोपदीं येतो.

आतां वादाची गंमत पाहा. लोबेरा गेल्यावर क्लिफर्ड मिरांडा ह्या गोमंतकीयाच्या हाताखालीं संघ उरलेले तिन्ही सामने जिंकला: ४-१, ५-२, ५-०. तीन सामन्यांत चौदा गोल! १९ फेब्रुवारीस जमशेदपूर येथें साखळीचें विजेतेपद हातीं आलें, आणि त्यायोगें आशियाच्या चॅम्पियन्स लीगच्या गटफेरींत पोंचणारा पहिला भारतीय क्लब होण्याचा मान मिळाला. चालकांच्या बाजूचे लोक म्हणाले, पाहा, त्याच्यावांचून कांहीं अडलें काय? विरुद्ध पक्ष म्हणाला, स्वयंपाक त्यानें केला, तुम्हीं फक्त पानें वाढलीं. मग उपांत्य फेरींत चेन्नईशीं पहिला सामना १-४ असा हरला, दुसरा ४-२ असा जिंकला, आणि दोहोंची बेरीज ५-६ होऊन संघ बाहेर पडला. लगेच दोन्ही पक्षांनीं जागा बदलल्या. लोबेराचे लोक म्हणाले, तो असता तर हें झालें नसतें. चालकांचे म्हणाले, तो असतांनाहि दरसाल असेंच होत होतें. आमच्या दृष्टीनें मौजेची गोष्ट ही कीं, दोघेहि त्याच आंकड्यांवर बोट ठेवून बोलत होते.

इतिहासाचा विद्यार्थी येथें थबकतो. एखादा निर्णय बरा कीं वाईट हें ठरवितांना त्या दिवशीं काय ठाऊक होतें एवढेंच पाहावयाचें असतें; पुढें काय झालें तें नव्हे. राघोबादादांच्या मोहिमेंत १७५८ सालीं मराठी फौजा अटकेपर्यंत गेल्या, पण दादा परतले ते कर्जाचा बोजा घेऊन. पुण्याच्या दरबारास १७६० मध्यें हा हिशेब दिसत होता. १७६१ चा जानेवारी दिसत नव्हता. जो कोणी पानिपताच्या रणावर उभा राहून नानासाहेबांच्या निवडीचा न्याय करतो तो न्याय करीत नाहीं, शोक करतो. शोक करूं नये असें आम्ही म्हणत नाहीं. त्यास पुरावा म्हणूं नये इतकेंच.

शिवाय पुढील घटना कधीं कधीं दोन्ही पक्षांस सारखीच फळें देतात. इंग्लंडांतील डर्बी गांवच्या क्लबास ब्रायन क्लफनें १९७२ सालीं लीगचें विजेतेपद मिळवून दिलें, आणि १९७३ च्या ऑक्टोबरांत चालकांशीं भांडून राजीनामा दिला. गांव पेटलें; लोकांनीं मोर्चे काढले, त्यास परत आणण्यासाठीं चळवळ उभारली, खेळाडूंनींहि तीच मागणी केली. चालक नमले नाहींत. त्यांनीं डेव्ह मॅके ह्या जुन्या खेळाडूस बोलाविलें, आणि १९७५ सालीं मॅकेच्या हाताखालीं डर्बी पुन्हां विजेता झाला. म्हणजे चालकांचें खरें ठरलें? पण क्लफ मध्यंतरीं लीड्स येथें चव्वेचाळीस दिवसांत पदच्युत होऊन शेवटीं शेजारच्याच नॉटिंगहॅम फॉरेस्टकडे गेला, १९७८ सालीं तेथें लीग जिंकला, आणि १९७९ व १९८० अशीं दोन वर्षें युरोपचा चषक घेऊन आला. म्हणजे मोर्चेवाल्यांचें खरें ठरलें? डर्बीच्या म्हाताऱ्यांमध्यें हा प्रश्न सुटला असेल असें आम्हांस वाटत नाहीं.

गोव्याच्या कथेंत मात्र अधिक बोचरें कांहींतरी पुढें यावयाचें होतें. मँचेस्टर सिटीच्या मालकांच्या सिटी फुटबॉल ग्रुपनें २०१९ च्या नोव्हेंबरांत मुंबई सिटी क्लबाचा ६५ टक्के हिस्सा विकत घेतला होता. २०२० च्या ऑक्टोबरांत ह्या मुंबईनें लोबेराला आपला शिक्षक नेमिलें. गोव्याचे मुर्तदा फॉल, अहमद जाहू, ह्यूगो बूमूस हे परदेशी आधारस्तंभ त्याच वर्षीं मुंबईस गेले. आणि त्यांच्याबरोबर गेला मंदार राव देसाई, अस्सल गोमंतकीय. कोरो स्पेनला परतला. वस्ताद गेला तें एक वेळ सोसलें असतें, पण तालीमच उचलून दुसऱ्या गांवीं नेल्यासारखें झालें. गोव्याच्या माणसाचा मुंबईशीं संबंध फार जुना. पोटापाण्यासाठीं मुंबईस जाणें त्याला नवें नाहीं. पण मुंबईनें घरांतून माणसें नेऊन त्याच माणसांकडून आपणांस हरवावें, ही चीज निराळी.

आणि तेंहि त्याच्याच अंगणांत. साथीच्या रोगामुळें २०२०-२१ चा संपूर्ण हंगाम गोव्यांतल्या मैदानांवर, प्रेक्षकांवांचून खेळविण्यांत आला. उपांत्य फेरींत गोवा आणि मुंबई समोरासमोर आले. पहिला सामना २-२, दुसरा ०-०, आणि शेवटीं पेनल्टींवर मुंबईनें ६-५ अशी बाजी मारली. १३ मार्च २०२१ रोजीं मडगांवजवळच्या फातोर्डा मैदानावर बिपिन सिंगनें नव्वदाव्या मिनिटास गोल करून मोहन बगानचा २-१ असा पराभव घडविला, आणि साखळीचें व अंतिम अशीं दोन्ही विजेतेपदें एकाच हंगामांत मिळविणारा पहिला संघ म्हणून लोबेराची मुंबई फातोर्ड्याच्या रिकाम्या बांकांसमोर उभी राहिली. ज्या प्रेक्षकांनीं तीन वर्षें तीं बांकें भरलीं, त्यांनीं घराच्या भिंतीआडून दूरचित्रवाणीवर हें पाहिलें. ह्यावरून ३१ जानेवारीचा निर्णय चुकीचा ठरतो काय? वर मांडलेल्या न्यायानें ठरत नाहीं. पण त्या रात्रीं फातोर्ड्यास राहणाऱ्या कोणास हें पटवून देण्याची आमची छाती झाली नसती.

एप्रिल २०२१ मध्यें आशियाई स्पर्धा आली तेव्हां गोव्याचा शिक्षक हुआन फेरांडो होता. लोबेराच्या काळांत पेरलेल्या पिकाची ही कापणी. तींत तीन सामने बरोबरीचे झाले आणि संघ गटांत तिसरा आला. ऑक्टोबरांत फेरांडोनें ड्युरंड चषक जिंकून दिला. आणि डिसेंबर २०२१ मध्यें, हंगाम ऐन रंगांत असतां, हाच फेरांडो करारांतील मुक्ततेच्या कलमाचा आधार घेऊन मोहन बगानकडे निघून गेला! गोवा त्या हंगामांत नवव्या क्रमांकावर घसरला. ह्या वेळीं चालक आणि प्रेक्षक एका बाजूस उभे राहिले. दोघांचीहि तक्रार एकच, कीं मध्येंच सोडून जाणें बरें नव्हे. दोन वर्षांपूर्वीं शिक्षकास मध्येंच काढलें तेव्हां हा नियम कोठें होता, असें विचारावयास तेथें कोणी तिऱ्हाईत नव्हता. पुढें फेरांडोनें १८ मार्च २०२३ रोजीं मोहन बगानला विजेतेपद दिलें, आणि तेंहि फातोर्ड्यावर. जानेवारी २०२४ मध्यें त्यालाहि निरोप मिळाला. त्याच्या जागीं आंतोनिओ हबास आला, म्हणजे २०२१ सालीं ज्याला दूर करून बगाननें फेरांडोला आणिलें होतें तोच.

मोर्शीच्या त्या मुलांचा कल लोबेराकडे होता. मालकांनीं गोव्याचा घात केला असें त्यांचें म्हणणें. आम्हीं त्यांस चंद्रकांत पंडितांची आठवण दिली. पंडितांनीं मुंबईस २०१५-१६ चा रणजी करंडक मिळवून दिला. पुढच्या वर्षीं इंदूरच्या अंतिम सामन्यांत मुंबई गुजरातकडून हरली, आणि मुंबईनें दुसरा शिक्षक नेमिला. ते पंडित विदर्भाकडे आले. त्याच इंदुरांत १ जानेवारी २०१८ रोजीं विदर्भानें दिल्लीस हरवून आपला पहिला रणजी करंडक उचलला, आणि पुढच्या वर्षीं नागपुरास दुसरा. त्या दिवशीं मुंबईच्या चालकांना आपण किती दुवा दिला! मग २०२० सालीं पंडित मध्यप्रदेशाकडे गेले आणि दोन वर्षांनीं त्यांनीं तेथेंहि करंडक आणला, तेव्हां मात्र आपल्याकडे कित्येकांचीं तोंडें उतरलीं.

"तें निराळें, सर," एक जण म्हणाला. निराळें कसें, हें तो सांगूं लागला, दुसऱ्यानें त्यास मध्येंच तोडलें, आणि फळवाल्यानें दोघांसहि ढिगापासून जरा बाजूस सरकावयास सांगितलें.