पहाऱ्याची बंदूक : मंडळ ते महामंडळ

मुलुंडपासून घाटकोपरपर्यंत लालबहादूर शास्त्री मार्गाच्या दोन्ही बाजूंना एकेकाळी कारखानेच कारखाने होते. अंधेरीला मरोळ आणि एमआयडीसी, पुढे १९७३पासून सीप्झ. प्रत्येक फाटकावर एक केबिन, आवक-जावक लिहायचे एक रजिस्टर आणि गणवेशातला एक माणूस. फाटक कारखान्याचे होते, माणूस मात्र कारखान्याचा नव्हता. तो कुठल्यातरी एजन्सीचा. पगार एजन्सी देईल तो, ड्युटी बारा तासांची, आणि मालकाने एजन्सी बदलली की नोकरी संपली. रिलिव्हर आला नाही की तोच पुढची पाळीही काढायचा. लाखोंच्या मालाची राखण करणाऱ्या या माणसाचे नाव कोणत्याही मस्टरवर पक्के नव्हते.

या माणसासाठी महाराष्ट्राने १९८१ साली जे केले, ते देशात कुठेच झाले नव्हते. १९६९च्या माथाडी कायद्याने हमालाला मंडळाचा आधार दिला होता. त्याच धर्तीवर ‘महाराष्ट्र खाजगी सुरक्षा रक्षक (नोकरीचे नियमन व कल्याण) अधिनियम’ झाला आणि बृहन्मुंबई व ठाणे जिल्ह्यासाठी सुरक्षा रक्षक मंडळ उभे राहिले. मालकांचे, रक्षकांचे आणि सरकारचे प्रतिनिधी त्यात एकत्र बसणार होते. मालकांच्या आणि रक्षकांच्या प्रतिनिधींची संख्या सारखी असावी, ही अट कायद्यातच होती. रक्षकाने मंडळात नाव नोंदवायचे, कारखान्यानेही नोंदवायचे. कारखान्याला हवे तेवढे गार्ड मंडळाने द्यायचे. कारखान्याने पगार आणि त्यावरची लेव्ही मंडळाकडे भरायची आणि मंडळाने गार्डाला पगार द्यायचा. लेव्हीतून भविष्य निर्वाह निधी, ग्रॅच्युइटी, भरपगारी रजा. गार्ड याला सरळ ‘बोर्ड’ म्हणू लागले. ‘मी बोर्डाचा आहे’ या वाक्याला उपनगरातल्या चाळींत वजन होते. लग्न ठरवताना ते सांगितले जाई.

एजन्सी अर्थातच गप्प बसल्या नाहीत. कायदा घटनेला धरून आहे का, हा वाद उच्च न्यायालयात झाला आणि कायदा टिकला. मग कलम २३चा प्रश्न आला. मंडळापेक्षा एकंदरीत कमी नसलेल्या सवलती मिळत असतील, तर त्या रक्षकांना सरकार कायद्यातून सूट देऊ शकते, असे हे कलम सांगते. एजन्सीच्या गार्डांना ती सूट मिळूच शकत नाही, अशी मंडळाची बाजू होती. १९८७ साली सर्वोच्च न्यायालयाने वेगळा अर्थ लावला. कारखान्याचे थेट, नियमित नोकर तर मुळातच कायद्याच्या बाहेर आहेत. मग सूट कोणाला द्यायची? ती एजन्सीच्याच गार्डांसाठी असणार. तेव्हापासून मुंबईत दोन प्रकारचे पहारेकरी शेजारी शेजारी उभे आहेत, बोर्डाचे आणि सूट मिळालेल्या एजन्सीचे.

या साऱ्या खटपटीत एक गोष्ट मात्र बाहेरच राहिली, ती म्हणजे बंदूक. मंडळाचा कायदा कामगार खात्याचा. तो पगार, सुट्टी, निधी यांवर बोलतो. हत्याराचा कायदा केंद्राचा, १९५९चा, १ ऑक्टोबर १९६२पासून अमलात आलेला. त्याचे धोरण साधे आहे: परवाना माणसाला, किंवा ज्या संस्थेची बंदूक आहे त्या संस्थेला. संस्थेच्या किंवा मालकाच्या परवान्यावर ‘रिटेनर’ म्हणून पहारेकऱ्याचे नाव चढवता येते. बँकांमध्ये ही पद्धत रुळली. बंदूक बँकेची, परवाना बँकेचा, दाराशी उभ्या असलेल्या गार्डाचे नाव त्यावर नोंदलेले. ही व्यवस्था मला नेहमीच रास्त वाटत आली आहे. हत्यार ज्याचे, हिशेब त्याचा.

पण छोट्या एजन्सीला ते परवडेना, आणि त्यांनी सोपी वाट काढली: स्वतःची बंदूक आणि स्वतःचा परवाना असलेला माणूसच ठेवायचा. त्यातून ‘गनमन’ नावाचा वेगळाच दर्जा तयार झाला. साताऱ्या-सांगलीकडचा निवृत्त जवान असो, की उत्तर प्रदेश-बिहारमधून आलेला, गावच्या जिल्हाधिकाऱ्याकडून स्वसंरक्षणासाठी परवाना काढलेला तरुण असो, खांद्याला बारा बोअरची दुनळी असली की त्याला साध्या गार्डापेक्षा चार पैसे जास्त मिळत. सोन्याचे दुकान, बिल्डरचे कार्यालय, पैशांची गाडी अशा ठिकाणी त्याला मागणी. म्हणजे जे हत्यार मालकाने पुरवायला हवे, तेच नोकरीची पात्रता झाले. काडतुसांचा, नूतनीकरणाच्या फेऱ्यांचा, हत्याराच्या डागडुजीचा सगळा भार त्याच्याच अंगावर. निवडणूक लागली आणि हत्यारे ठाण्यात जमा करण्याचा आदेश निघाला, की बँकेच्या गार्डांना सहसा सूट मिळते. एकट्या गनमनला मात्र त्यासाठी अर्ज घेऊन धावपळ करावी लागते. हत्यार मालखान्यात गेले की त्याची जास्तीची कमाईही बुडाली.

२००३ साल उपनगरांना हादरवून गेले. १३ मार्चला मुलुंड स्थानकात लोकलमध्ये स्फोट, २८ जुलैला घाटकोपरमध्ये बेस्टच्या बसमध्ये. ११ जुलै २००६च्या साखळी स्फोटांत जोगेश्वरी आणि बोरिवलीही होती. मॉल, मल्टिप्लेक्स, बंदिस्त गृहसंकुले यांच्या दारांवर एजन्सीच्या गार्डांची संख्या वाढतच गेली. केंद्राने याच काळात २००५चा खाजगी सुरक्षा एजन्सी नियमन कायदा केला आणि तो १५ मार्च २००६पासून लागू झाला. एजन्सीला आता सरकारी परवाना लागणार होता. एका जिल्ह्यासाठी ५ हजार रुपये शुल्क, पाच जिल्ह्यांपर्यंत १० हजार, अख्ख्या राज्यासाठी २५ हजार. परवान्याविना धंदा केल्यास एक वर्षापर्यंत कैद किंवा २५ हजारांपर्यंत दंड. पोलिसांसारखा किंवा लष्करासारखा गणवेश घालणे हाही गुन्हा. १८ ते ६५ वयाचाच माणूस गार्ड म्हणून घ्यायचा, माजी सैनिक आणि माजी पोलिसांना प्राधान्य द्यायचे.

केंद्राच्या २००६च्या नमुना नियमांनी तर बारकावेही ठरवले. निदान २० दिवसांत १०० तास वर्गातले आणि ६० तास मैदानावरचे प्रशिक्षण. एक किलोमीटर सहा मिनिटांत धावता आले पाहिजे. प्रथमोपचार, आग, गर्दी, ओळखपत्र तपासणी, शस्त्र कायद्यातली लागू होणारी कलमे, सगळे अभ्यासक्रमात आले. बंदूक हाताळण्याचा धडाही आहे, पण ऐच्छिक! एजन्सीच्या परवान्याने तिच्या गार्डाला बंदूक बाळगण्याचा हक्क मिळत नाही, तो शस्त्र कायद्यानेच मिळतो, हे मान्य. मग जो बंदूक घेऊन उभा राहणार आहे, त्याला तरी तो धडा सक्तीचा नको का? वयाचेही तसेच. गार्ड १८व्या वर्षी होता येते, शस्त्र परवाना २१ पूर्ण झाल्याशिवाय मिळत नाही. दोन्ही कायदे आपापल्या जागी बरोबर आहेत, पण एकमेकांशी बोलत नाहीत.

२६ नोव्हेंबर २००८च्या दहशतवादी हल्ल्यानंतर राज्याने स्वतःच या क्षेत्रात उतरायचे ठरवले. २०१०च्या कायद्याने महाराष्ट्र राज्य सुरक्षा महामंडळ स्थापन झाले. गृह खात्याच्या अखत्यारीत, वरिष्ठ आयपीएस अधिकाऱ्याच्या हाताखाली. ऑगस्ट २०१२मध्ये मुंबईचे पोलिस आयुक्त अरूप पटनाईक यांची बदली इथेच झाली. फेब्रुवारी २०२२मध्ये हेमंत नगराळे आयुक्तपदावरून इथेच आले. वृत्तपत्रांनी अशा बदल्यांना ‘बाजूला सारले’ म्हटले, आणि त्यामुळे महामंडळाचे काम लोकांच्या नजरेआड राहिले, याची मला खंत वाटते. कारण काम मोठे होते. ८ जून २०१४ला वर्सोवा-अंधेरी-घाटकोपर मेट्रो सुरू झाली आणि तिच्या स्थानकांवर महामंडळाचे जवान दिसू लागले. मार्च २०१७मध्ये मारहाणीच्या घटनांनंतर निवासी डॉक्टर सामूहिक रजेवर गेले, तेव्हा पालिका रुग्णालयांच्या दारांवर हेच जवान आले. लोकलच्या महिला डब्यांतही ते रात्री दिसतात. लोक त्यांना ‘एमएसएफवाले’ म्हणतात.

बंदुकीच्या प्रश्नावर महामंडळाने बरोबर वाट दाखवली, असे माझे ठाम मत आहे. इथे हत्यार ही पात्रता नाही. जवान आधी निवडला जातो, मग शिकवला जातो आणि गरज असेल तिथे त्याला हत्यार दिले जाते. त्याने ते गावाहून आणायचे नसते. पण या जवानांच्या नोकरीला बोर्डाच्या गार्डासारखी शाश्वती नाही. जुलै २०२३मध्ये मुंबई पोलिसांच्या मदतीला महामंडळाचे ३००० जवान ११ महिन्यांसाठी घेण्याचा निर्णय झाला, तेव्हा विधिमंडळात गदारोळ झाला तो कंत्राटी पोलिस या मुद्द्यावर. ज्याच्या हाती बंदूक द्यायची, त्याच्या नोकरीची मुदत अकरा महिने? मंडळाने १९८१ साली ज्या प्रश्नाला हात घातला होता, तोच प्रश्न महामंडळापुढे तसाच उभा आहे.

शस्त्र नियमही मधल्या काळात बदलले. २०१६च्या नियमांनी परवाना मागणाऱ्याला हत्यार सुरक्षितपणे हाताळण्याचे प्रशिक्षण घ्यायला लावले. डिसेंबर २०१९च्या दुरुस्तीने एका माणसाकडच्या बंदुकांची मर्यादा तीनवरून दोनवर आणली, परवान्याची मुदत तीन वर्षांवरून पाच केली आणि निष्काळजीपणे गोळी झाडून जीव धोक्यात घालणाऱ्याला दोन वर्षांपर्यंत कैदेची तरतूद केली. पैशांच्या गाड्यांसाठी केंद्रीय गृह मंत्रालयाने ऑगस्ट २०१८मध्ये नियम काढले: गाडीत दोन सशस्त्र गार्ड, एका फेरीत पाच कोटींहून जास्त रोकड नाही, शहरात रात्री नऊनंतर एटीएममध्ये पैसे भरायचे नाहीत. हे नियम गाडी चालवणाऱ्या संस्थेला जबाबदार धरतात, म्हणून मला ते आवडतात.

२९ डिसेंबर २०२१ला दहिसरमध्ये स्टेट बँकेच्या शाखेत भरदिवसा दोघे शिरले आणि एका कंत्राटी कर्मचाऱ्याचा गोळीने जीव गेला. अशा घटनेनंतर ‘दारावर बंदूकधारी हवाच’ ही मागणी जोर धरते, आणि तिच्यामागची भीती खरी असते. पण ८ फेब्रुवारी २०२४ची संध्याकाळ दुसरी बाजू दाखवून गेली. बोरिवली-दहिसरच्या हद्दीवरच्या आयसी कॉलनीत माजी नगरसेवक अभिषेक घोसाळकर यांची फेसबुक लाइव्ह सुरू असताना गोळ्या झाडून हत्या झाली. मारणाऱ्याने नंतर स्वतःलाही संपवले. पोलिसांच्या तपासात पुढे आले की पिस्तूल त्याच्या खाजगी अंगरक्षकाचे होते, परवाना उत्तर प्रदेशचा होता आणि मुंबई पोलिसांकडे त्याची नोंद झालेली नव्हती. शस्त्र कायद्याखाली अंगरक्षकाला अटक झाली. सप्टेंबर २०२४मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने तपास सीबीआयकडे दिला. न्यायालय जे ठरवायचे ते ठरवेल. पण परवानाधारक पहारेकऱ्याचे हत्यार नोकरीच्या जागी येऊन त्याच्या हातून सुटू शकते, हे साऱ्या शहराने पाहिले. त्या हत्याराचा हिशेब ठेवणारी संस्था तिथे नव्हती. अंगरक्षक होता, त्याला कामावर ठेवणारा होता, आणि मधे कोणीही नाही.

आज एजन्सीचा परवाना पाच वर्षांचा आहे आणि २०१९च्या दुरुस्तीमुळे बंदुकीचाही पाच वर्षांचा झाला आहे. एजन्सीच्या नूतनीकरणाच्या अर्जाबरोबर तिच्या कामावर असलेल्या प्रत्येक गनमनचा शस्त्र परवाना, तो कोणत्या जिल्ह्याचा, मुंबईत त्याची नोंद झाली की नाही आणि ड्युटीनंतर हत्यार कुठे ठेवले जाते, याची यादी मागता येईल. ती यादी पोलिस ठाण्याला आणि सुरक्षा रक्षक मंडळालाही द्यायला लावता येईल. त्याहून पुढे जाऊन, सोन्याच्या दुकानाला किंवा पैशांच्या गाडीला बंदूक हवी असेल तर ती संस्थेच्याच परवान्यावर असावी आणि गार्डाचे नाव रिटेनर म्हणून चढावे, अशी अट राज्याने घालायला हवी. ही पद्धत बँकांनी कितीतरी वर्षे चालवून दाखवली आहे.