वानलेसवाडीची आत्या



गेल्या महिन्यात एक जुना विद्यार्थी भेटायला आला होता. आमच्या चिकलठाण्याच्या एमआयडीसीत नोकरीला आहे, आता तोही चाळिशी उलटलेला. मी चहा ठेवायला उठले तर म्हणाला, "बाई, मला कागदी कपात द्या. टीबीची औषधं चालू आहेत." चार महिने झाले होते, दोनच उरले होते, थुंकीची तपासणीही स्वच्छ आली होती. तरी घरी त्याचं ताट वेगळं! मी त्याला आमच्या रोजच्या कपातच चहा दिला. तो गेल्यावर मात्र बराच वेळ तशीच बसून राहिले. आत्या आठवली.

आमच्या घरातल्या नव्या पिढीला ही आत्या फारशी माहीत नाही. जुन्यांना माहीत आहे, पण ते बोलत नाहीत. आज मी लिहिते आहे.

1955 साली आत्याला क्षय झाला. सासरच्यांनी माहेरी आणून सोडलं. तेव्हा आपला भाग हैदराबाद राज्यात होता, आणि औरंगाबादचं घाटीचं मेडिकल कॉलेज निघायला अजून एक वर्ष होतं. कुणीतरी वडिलांना मिरजेचं नाव सांगितलं. छोट्या गाडीने मनमाड, तिथून मोठ्या गाडीने दौंडमार्गे पुणे आणि पुण्याहून पुन्हा छोटी गाडी, असा तो प्रवास. गावात सांगितलं गेलं, नातेवाइकांकडे राहायला गेली.

ती गेली होती सांगली आणि मिरज यांच्या मधल्या वानलेसवाडीच्या सॅनेटोरियममध्ये. डॉ. विल्यम वानलेस हे कॅनडात जन्मलेले मिशनरी डॉक्टर. 1889 साली ते भारतात आले आणि 1894 साली त्यांनी मिरजेत इस्पितळ उघडलं. दूरदूरचे रोगी तिथे येऊ लागले. त्यात क्षयाचे रोगी असायचेच. त्यांना इतरांबरोबर ठेवणं धोक्याचं, म्हणून 1920 च्या सुमारास गावाबाहेर मोकळ्या माळावर वेगळं सॅनेटोरियम उभं राहिलं. भोवतीच्या वस्तीला त्यांचंच नाव पडलं. आज शहर तिथवर येऊन भिडलं आहे, पण नाव टिकून आहे.

गावाबाहेर का? तर तेव्हा औषधच नव्हतं. रॉबर्ट कॉख यांनी 1882 साली क्षयाचा जंतू शोधला, पण तो मारायचा कसा हे पुढची साठ वर्षं कुणाला ठाऊक नव्हतं. कोरडी हवा, ऊन, दूध-अंडी आणि महिनोन् महिने अंथरुणावर विश्रांती, हाच उपाय. युरोपात एकोणिसाव्या शतकात ही पद्धत रूढ झाली. आपल्याकडे 1906 साली अजमेरजवळ तिलोनियाला आणि 1912 साली पाचगणीला अशी आरोग्यधामं निघाली. मोठमोठे व्हरांडे, त्यात ओळीने खाटा, थंडीतसुद्धा सताड उघड्या खिडक्या... इमारत हेच औषध होतं म्हणा ना! काही रोग्यांच्या छातीत सुईने हवा भरून आजारी फुप्फुस मिटवत, म्हणजे त्याला विश्रांती मिळे. आत्यालाही तशी हवा भरत. पण तोवर स्ट्रेप्टोमायसिन आलं होतं, 1952 पासून आयसोनायझिडही. ती वाचली ती बहुधा त्या औषधांमुळे.

आणि गंमत बघा. आत्या मिरजेत असतानाच, 1956 साली, मद्रासला एक प्रयोग सुरू झाला. 193 गरीब रोग्यांचे दोन गट केले. एक सॅनेटोरियममध्ये, दुसरा आपापल्या घरी, दाटीवाटीत आणि अपुऱ्या खाण्यावर. औषधं दोघांना तीच. 1959 साली निष्कर्ष आला, वर्षाअखेरीचा गुण दोन्हीकडे जवळपास सारखाच! घरी ठेवलेल्यांमुळे घरातल्यांना जास्त लागण झाली, असंही पुढच्या तपासणीत दिसलं नाही. जगभरच्या सॅनेटोरियमची गरज हळूहळू संपली, त्यात या प्रयोगाचा मोठा वाटा आहे. आपल्याकडे 1962 पासून राष्ट्रीय कार्यक्रमात घरीच उपचार सुरू झाले.

आत्या 1957 साली बरी होऊन परतली. मी आठ वर्षांची होते. सासरचं कुणी न्यायला आलं नाही. आमच्याकडे ओसरीच्या टोकाला तिची खाट, कोनाड्यात तिचं ताट-तांब्या. एकदा उन्हातून शाळेतून आले तर तिने तांब्या पुढे केला, "घे गं बाई, पाणी पी." मी तांब्या घेतला, अंगणात गेले आणि तिच्या देखत पाणी तुळशीत ओतलं. आईने तसंच शिकवलं होतं. आत्या काही बोलली नाही. पुन्हा कधी तिने मला पाणी दिलं नाही.

पुढे मी शिक्षिका झाले. भांड्यांतून क्षय पसरत नाही, खोकल्यातून हवेवाटे पसरतो, हे वर्गात शिकवलं. पण आत्याजवळ जाऊन तो तांब्या मागायचं काही जमलं नाही. ती गेली तेव्हाही नाही.

म्हातारपणी ती एकदाच म्हणाली होती, "मिरजेला बरं होतं बाई. तिथं सगळ्यांची ताटं एकाच रांगेत असायची." मला तेव्हा त्याचा अर्थ लागला नव्हता. जिथे तिला दूर धाडलं, तिथेच तिला कुणी दूर ठेवलं नाही. दूर ठेवलं ते आम्ही, बरी होऊन आल्यावर.

आता मिरज गाठायला नको. जिल्हा रुग्णालय, आपली मिनी घाटी, चिकलठाण्यातच आहे. औषधं फुकट, साधारण सहा महिन्यांची. पोषणासाठी सरकार 2018 पासून महिना 500 रुपये देत होतं, नोव्हेंबर 2024 पासून 1000 देतं. सॅनेटोरियमचा काळ संपला. पण माझा विद्यार्थी कागदी कप मागतोच आहे.

असो. घरातल्या कुणाला हे वाचून राग आला तर मला फोन करा. पण आत्याला क्षय झाला होता आणि ती बरी झाली होती, हे मुलांना सांगा. डॉक्टरांनी कधी विचारलं तर त्यांनाही सांगा. आणि दारी आलेल्याला पाणी द्याल ते घरच्याच तांब्यातून द्या.