भूमिगत हवानळ : जबलपूरच्या हवामानात

भूमिगत हवानळ : बाहेरची हवा जमिनीत तीन-चार मीटर खोल पुरलेल्या लांब नळांतून फिरवून मग खोल्यांत सोडण्याची योजना. उन्हाळ्यात ही हवा वाटेत निवते, हिवाळ्यात कोमट होते. वास्तुविशारदांच्या बोलण्यात तिचे नाव ‘अर्थ एअर टनेल’. पंख्यापुरती वीज सोडली तर तिला दुसरे काही लागत नाही. येथील हिशेब जबलपूरचा आहे. नागपूर-अमरावतीलाही तो थोड्याफार फरकाने लागू पडतो.

पौषातल्या पहाटे विहिरीतून ओढलेल्या पाण्यातून वाफा निघतात आणि वैशाखात तेच पाणी अंगावर घेताना शहारा येतो. पाण्याचे तापमान दोन्ही वेळा जवळपास सारखेच असते. बदललेली असते ती वरची हवा. दिवसरात्रीचा चढउतार जमिनीत अर्ध्या मीटरवरच विरून जातो. ऋतूंचा चढउतार अधिक खोल जातो, पण क्षीण होत आणि रेंगाळत. साधारण मातीत चार मीटरवर तो वरच्याच्या पाचव्या-सहाव्या हिश्शाइतका उरतो आणि तीन-साडेतीन महिने मागे पडतो. मेमधली आग तिथवर पोचेपर्यंत श्रावण-भाद्रपद उजाडतो. ऐन उन्हाळ्यात खालची जमीन गार असते ती या दिरंगाईमुळेच.

जबलपूरचे वर्षाचे सरासरी तापमान २५° से.च्या आसपास आहे. मे महिन्यात दुपारचा पारा ४२ च्या घरात जातो, तर जानेवारीत पहाटे तो १० च्या खाली उतरतो. चार मीटर खोलीवर मात्र वर्षभर २४ ते २७ अंश राहतील, असे गणित सांगते. १५ सेंमी. व्यासाच्या, ३० मीटर लांबीच्या नळातून सेकंदाला ३ मीटर वेगाने हवा नेली, तर ४२ अंशांची हवा २९ च्या आसपास येऊन बाहेर पडावी. ही गारवा देण्याची क्षमता पाऊण किलोवॉटच्या जवळ जाते. दीड टनी एसीची क्षमता सव्वापाच किलोवॉट असते, म्हणजे त्याच्या बरोबरीला असे सात नळ हवेत. लांबी वाढवत नेण्यात फारसा अर्थ नाही, कारण पहिल्या तीसेक मीटरांतच बहुतेक काम उरकलेले असते.

कल्पना जुनी आहे. इटलीत व्हिचेंझाजवळ कोस्तोझ्झा येथील हवेल्यांत डोंगरातल्या गुहांची गार हवा भुयारी वाटांनी आणली जाई. वास्तुविशारद पल्लादिओने १५७० च्या आपल्या वास्तुग्रंथात त्याची नोंद केली आहे. मध्य प्रदेशातच मांडूला चंपा बावडीच्या पाण्यालगत कमानदार तळखोल्या आहेत. तिथे नळ नाहीत. माणसेच उन्हाळ्यात खाली उतरत.

भारतात आधुनिक पद्धतीने मोजमाप झाले ते मथुरेच्या एका रुग्णालयात. तेथील ८० मीटर लांबीच्या बोगद्याचा अभ्यास म. स. सोढा व सहकाऱ्यांनी १९८५ मध्ये प्रसिद्ध केला. अहमदाबादेत गिरजा शरण यांनी ३ मीटर खोल पुरलेल्या ५० मीटरच्या पोलादी नळात मेमध्ये हवा सुमारे १४ अंशांनी उतरलेली आणि जानेवारीच्या रात्री तेवढीच चढलेली नोंदवली. गुडगावजवळ ग्वाल पहाडीला ‘टेरी’ या संशोधन संस्थेच्या निवासी संकुलात चार मीटर खोल, प्रत्येकी ७० मीटर लांब असे चार बोगदे आहेत. तेथेही पावसाळ्यातल्या दमटपणासाठी वेगळे शीतयंत्र जोडावे लागले. हा तपशील फार महत्त्वाचा आहे आणि नळांची भलावण करताना तोच गाळला जातो.

जबलपूरला वर्षाला सुमारे १३०० मिमी. पाऊस पडतो. जुलै-ऑगस्टमध्ये बाहेरची हवा ओलीचिंब असते आणि खालची जमीन तेव्हाच सर्वांत उबदार होत आलेली असते. नळ त्या हवेला ना पुरेसे गार करू शकतो ना कोरडे. उलट थंड भिंतीला दव धरते, थेंब तळाशी साचतात, त्यात बुरशी वाढते आणि कुबट वास थेट खोलीत येतो. म्हणून नळाला एका टोकाकडे उतार, सखल जागी पाणी उपसायचा खड्डा आणि हवा आत घेणाऱ्या तोंडाला टोपी, जाळी व धुता येणारी गाळणी हवीच. उन्हाळ्याबद्दलही स्पष्ट बोलले पाहिजे. मेमधल्या कोरड्या हवेत वाळ्याच्या ताट्यांचा साधा कूलर हवा नळापेक्षा अधिक गार करतो, तेही थोडक्या खर्चात. नळाची खरी कमाई तीन ठिकाणी आहे : कूलरला पाणी मिळत नाही तिथे, हिवाळ्यातल्या रात्री, आणि जिथे ताजी हवा सतत आत घ्यावीच लागते अशा रुग्णालयांत व वसतिगृहांत.

जमीन कोणती, यावर बरेच ठरते. काळी माती उन्हाळ्यात भेगाळते आणि पावसात फुगते. नळापासून ती सुटली की मध्ये पोकळी राहते आणि उष्णतेची देवाणघेवाण मंदावते. शिवाय सांधे उघडतात. अशा ठिकाणी नळाभोवती वाळू भरून ती ओलसर ठेवावी. जबलपुरात मदनमहालच्या बाजूला ग्रॅनाइट आहे. तो उष्णता मातीपेक्षा चांगली वाहून नेतो, पण चार मीटर चर फोडण्याचा खर्च योजनेचा सगळा लाभ गिळून टाकतो. ग्रॅनाइटमधून रेडॉन वायूही झिरपतो, म्हणून तिथे सांधे पूर्ण हवाबंद असणे सक्तीचे मानावे.

पंख्याची वीज किरकोळ असते; पैसा जातो तो खोदाईत. म्हणून बांधून झालेल्या घराचे अंगण उकरून हे नळ घालू नयेत. नवी शाळा, वसतिगृह किंवा रुग्णालय उभे राहत असेल आणि आवारात मुरूम वा माती असेल, तर पायाची खोदाई सुरू असतानाच ते पुरून घ्यावेत.